शियाचं लोणी

हॅनोव्हरला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि काळी होते. ही दुसरी गोष्ट पुण्यात मला कोणी विसरू दिली नव्हती. दोन स्थळांनी पाहून नकार कळवला. तिसऱ्या मुलाच्या आईने माझ्यासमोरच माझ्या आईला विचारलं, "हिला लहानपणी डाळीचं पीठ लावलं नाहीत का हो?" आईने मान खाली घातली. मला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा घरात आनंद झाला, त्याहून जास्त सुटका झाली. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

एका जर्मन विधवेच्या घरात वरच्या मजल्यावर मला खोली मिळाली. शेजारच्या मोठ्या, उन्हाच्या खोलीत घानाहून आलेल्या एक बाई राहत. वय अठ्ठावन्न. तिथल्या राजधानीत, अक्रात, पंचवीस वर्षं शाळेत शिकवून, नवरा वारल्यावर, त्या इथे संध्याकाळच्या वर्गांत इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आंटी म्हणे.

पहिल्याच हिवाळ्यात माझी कातडी राखेसारखी झाली, ओठांभोवती खपल्या धरल्या. मी अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, गेले आणि खपल्यांसाठी काही घ्यायचं सोडून चेहऱ्यावरचे ठिपके घालवायचं क्रीम घेतलं. ते गोरं करतं असं ऐकलं होतं. तीन आठवड्यांत गालांवर लाल चट्टे उठले. पाणी लागलं तरी आग होई. मी दोन दिवस लॅबला गेले नाही, तेव्हा आंटी दार ठोठावून आत आल्या. त्यांनी डबी उचलली, चष्मा लावून वाचली.

"यात पारा आहे. तू केमिस्ट ना?"

"हो."

"म्हणजे माहीत असून लावलंस."

त्यांनी ब्लाऊजची कॉलर बाजूला केली. गळ्यावर निळसर काळा डाग होता. "मीही लावायचे. तिशीत. दोन वर्षं."

मग दर रविवारी त्या माझी कातडी बघत. ओट्स भिजवलेल्या कोमट पाण्याने चेहरा धुवायचा, खसाखसा पुसायचा नाही, ओला असतानाच वर शियाचं लोणी चोळायचं. शिया हे त्यांच्याकडचं झाड, त्याच्या बियांतून निघणारं हे लोणी त्यांची बहीण पत्र्याच्या डब्यातून पाठवायची. पिवळट, घट्ट, धुरकट वासाचं. माझं झालं की त्या स्टुलावर बसत आणि मी त्यांच्या केसांत भांग पाडून टाळूला लोणी लावत असे. मग एकेक बट काळ्या दोऱ्याने गुंडाळायची, तेही त्यांनीच शिकवलं. तीस वर्षं त्यांनी लोखंडी कंगवा तापवून केस सरळ केले होते. कपाळाशी जळलेली जागा अजून तशीच होती. आता जे उगवत होतं ते पांढरंशुभ्र होतं.

"रंगवत का नाही?" मी एकदा विचारलं.

"माझी आई चाळिशीत गेली. आमच्या घरातल्या बाईचे केस पांढरे झाल्यावर कसे दिसतात ते मला बघायचं होतं." त्यांनी आरसा जवळ घेतला आणि खुशीत बघत राहिल्या.

मी मात्र त्यांच्याबरोबर बाहेर पडायला वेगळ्याच कारणाने उत्सुक असे. रस्त्यात लोक त्यांच्याकडे टक लावून बघत, माझ्याकडे नाही. त्यांच्याशेजारी मी गोरी दिसत असे. जन्मात पहिल्यांदा.

एका गुरुवारी घरमालकीण नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवायला गेली होती. मी डोक्याला खोबरेल थापून खाली बैठकीत, तिच्या नवऱ्याच्या मखमली खुर्चीत रेडिओ ऐकत बसले आणि मागे डोकं टेकून डुलकी काढली. संध्याकाळी तिने आम्हा दोघींना खाली बोलावलं. खुर्चीच्या पाठीवर वाटीएवढा डाग होता. तिने मला काही विचारलंच नाही. आंटींना म्हणाली, "वाका."

आंटी वाकल्या नाहीत. तेव्हा तिने स्वतः टाचा उंचावून त्यांच्या केसांचा वास घेतला आणि नाक मुरडलं. मग माझ्याकडे वळली. "फ्रॉयलाईन, तुम्ही शिकलेल्या. हा यांच्या त्या चरबीचाच डाग ना?"

खुर्चीला खोबरेलाचा वास येत होता. आंटींनाही तो येत होता. त्यांच्या गावच्या किनाऱ्यावर नारळीच नारळी होत्या. त्या माझ्याकडे बघत थांबल्या.

"जा," मी म्हणाले. जर्मनमध्ये 'हो'.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात क्युंडिगुंग, म्हणजे नोटीस, पडली, महिनाअखेर खोली सोडायची. तेवढे दिवस त्या मला जिन्यात भेटत, 'गुड मॉर्निंग' म्हणत. रविवारी त्यांचं दार बंद असे. त्या गेल्यावर घरमालकिणीने मला ती मोठी खोली देऊ केली आणि मी घेतली. खोबरेल टाकून दिलं.

चार महिन्यांनी मी त्यांच्या वर्गातून पत्ता काढून स्टेशनमागच्या एका स्वस्त लॉजमध्ये त्यांना भेटायला गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. केसांना दोरा नव्हता, नुसताच रुमाल होता. मागच्या बटा एकटीने गुंडाळता येत नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "चट्टे गेले."

"आंटी, तो डाग माझा होता."

"मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी वर येऊन सांगितलं असतंस, तर मी तिला सांगितलं असतं की माझाच आहे. तुला कुठे दुसरी खोली मिळाली असती?" त्यांचा आवाज चढला नाही. "पण तू आली नाहीस. पुढचा रविवारही गेला, त्याच्या पुढचाही."

मी आत येऊ का म्हणून विचारलं. त्या "नको" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्या वसंतात त्या अक्राला परत गेल्या, हे त्यांच्या एका विद्यार्थिनीने ट्राममध्ये सांगितलं. पदवी मिळेपर्यंत, आणखी दोन वर्षं, मी त्या उन्हाच्या खोलीतच राहिले.