बायनाचं अक्षर

देवाजी मिस्त्रीचा सिमेंटवर फार जीव. यात त्याचा दोष काढू नये. कोरपन्याच्या बाजूला जन्मलेल्या माणसाला डोळे उघडल्यापासून सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते. चुन्याचं कौतुक त्याला कुठून असणार? तिथल्याच डोंगराखालच्या एका गावात जमीनदाराचा राजवाडा सरकारकडे आला, तिथं मुलींचं वसतिगृह निघालं आणि ओल आलेल्या भिंतींचं काम तरण्या देवाजीला मिळालं. त्यानं हात न आखडता सिमेंटचा गिलावा केला. "आता शंभर वर्सं पाहाचं काम नाई," असं तो छातीठोकपणे सांगायचा.

त्याच्या आजाला त्या राजवाड्याच्या दारात पाय टाकायची सोय नव्हती. नातू परांचीवर चढून थेट छताला टेकला. हाताखाली रेजा म्हणून त्याचीच बायको, बायना. मसाल्याची घमेली ती वर पोचवायची, आणि खाली परांचीच्या बल्ल्यांना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत तान्हा धम्मदीप झोपलेला असायचा.

मिस्त्री लोकांची एक रीत असते. काम संपलं की शेवटच्या कोपऱ्यात, गिलावा ओला असताना, खिळ्यानं आपलं नाव टाकायचं. नाव अर्थात मिस्त्रीचं. रेजानं उन्हात कितीही घमेली वाहिली तरी तिचं नाव कुणी टाकत नाही. पण त्या वर्षी बायना विहारातल्या साक्षरता वर्गाला जात होती आणि देवाजी तिची थट्टा करायला टपलेला होता. मागच्या खोलीच्या वरच्या कोपऱ्याशी त्यानं तिला बोलावलं आणि खिळा पुढं केला.

"घे. तूच लिव. पाहू तं काय शिकून राह्यली."

"मी? इथी? राजाच्या घरी?"

"राजा कवाचाच मेला. लिव लवकर, सुकून राह्यलं."

बायनानं जीभ दातात धरून आपलं नाव लिहिलं. मधलं अक्षर खाली घसरलं, शेवटचं उगाच मोठं झालं. मग तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की खाली धम्मदीप जागा झाला.

त्यानंतर जन्मभर तिला कुठं लिहायची पाळी आली नाही. रेशन असो की बँक, तिला पाहताच लोक शाईचा पॅड पुढं सरकवत. "मले लिवता येते," ती म्हणायची. पण मागं रांग असायची, आणि तिच्या अक्षरासाठी थांबायला वेळ कुणाला होता? तिनं अंगठा द्यायचा. तिच्या हातचं अक्षर जगात त्या एका भिंतीवरच राहिलं. दरवर्षी रंगाचं काम निघालं की ती खोली देवाजी स्वतःकडे घ्यायचा आणि त्या कोपऱ्यावरून कुंचा हलकाच फिरवायचा. बायना काविळीनं गेली, तेव्हापासून तो शिडीवर चढून नावावरून बोट फिरवायचा. एवढंच त्याचं सुख.

वसतिगृह नव्या इमारतीत गेलं आणि राजवाडा दुरुस्त करून तिथं वाचनालय आणि अभ्यासिका करायचं ठरलं. चंद्रपूरहून जुन्या वास्तूंच्या जाणकार रिना मॅडम आल्या. तरुण, पण कामाच्या पक्क्या. त्यांनी भिंत ठोकली, सिमेंटचा एक तुकडा काढला आणि देवाजीचा हात आतल्या विटेवर ठेवला. वीट पिठासारखी हातात आली.

"सिमेंटनं ओल आत कोंडली, देवाजीभाऊ. सगळं काढून चुना करावा लागेल."

देवाजी मेल्याहून मेल्यासारखा झाला. ज्या भिंती आपण जगवल्या म्हणत होतो, त्या आपणच कुजवल्या. आणि वर कोणत्या तोंडानं म्हणायचं, की त्यातला एक तुकडा माझ्या बायकोसाठी ठेवा?

धम्मदीपसकट तो कामावर लागला. मॅडमनी सगळ्यांना बजावलं होतं, "भिंतीवर काही जुनं दिसलं तर तोडू नका. मला हाक मारा." देवाजीला वाटलं, जुनं म्हणजे राजाचं. रेजाच्या नावाला जुनं कोण म्हणेल? मागची खोली तो पुढं ढकलत राहिला. पोरालाही बोलला नाही. म्हातारा चळला असं त्याला वाटेल, ही लाज.

ऑक्टोबरात तो दरवर्षीप्रमाणे चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेला. मेणबत्ती लावताना बायना डोळ्यापुढं उभी राहिली आणि त्याचं ठरलं. मॅडमला विचारायचं. फार तर नाही म्हणतील. येताना एस्टीत तो तेच एक वाक्य मनाशी घोळवत आला.

दारातच धम्मदीप भेटला. अंगभर धूळ, आणि चेहरा खुललेला.

"बाबा, मांगची खोली मीच आटपली. वरचा कोना लय उच्चा होता. तुमचे टोंगळे दुखून राह्यले, म्हटलं तुमाले चढा लागू नोय."

"वर रंगाच्या खाली काई दिसलं काय?"

"काय दिसन? रंगाचे पापुद्रे. काऊन?"

"मलबा कुठी टाकला?"

"आंगनातल्या खड्ड्यात."

देवाजी खड्ड्यात उतरला आणि तुकडे उलटेपालटे करू लागला. सगळे सारखेच. पोरानं विचारलं तर म्हणाला, थापी हरवली. मग बिचारा धम्मदीपही खाली उतरला आणि न हरवलेली थापी बापासोबत अंधार पडेपर्यंत शोधत राहिला.

चुन्याचा गिलावा देवाजीनं मन लावून केला. मागच्या खोलीचा शेवटचा कोपरा आला तेव्हा त्यानं खिशातून खिळा काढला. नाव लिहिता आलं असतं. पण ते सरळ, सारखं, त्याचं अक्षर झालं असतं. ते घसरलेलं मधलं अक्षर त्यानं कुठून आणायचं? खिळा पुन्हा खिशात ठेवून त्यानं कोपरा गुळगुळीत केला.

उद्घाटनाला मांडव पडला, भाषणं झाली. पुढच्या दालनात भिंतीवर एक काच बसवलेली होती. आत, रंगाखाली सापडलेला सातचा पाढा. वसतिगृहातल्या कुण्या पोरीनं पेन्सिलीनं लिहिलेला, आणि तोही चुकलेला. मॅडमनी तो जसाच्या तसा जपला होता. देवाजीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एक शब्द, फक्त एक शब्द बोललो असतो!

मागच्या खोलीत पोरी पुस्तकं उघडून बसल्या होत्या. धम्मदीप बापाशेजारी उभा राहून वर पाहत होता.

"बाबा, माय इथंच रेजा होती न तुमच्या हाताखाली? तिची काई निशानी नोयती काय कुठी?"

देवाजीनं पोराकडे पाहिलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाई रे," तो म्हणाला. "रेजाची कुठी निशानी रायते."