आप्पांनी नाकारलेल्या तीन दुर्बिणी

मंडळी, आज सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता?" मी लगेच नाही म्हणाले. रिक्षात बसले आणि ब्याऐंशी साल आठवलं.

आमचं शेत नंदगडच्या रानाला लागून. डुकरं यायची म्हणून आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, परवान्याची कार्बाईन होती, म्हणजे आखूड रायफल. तिच्यावर बसेल अशी छोटी दुर्बीण निवडायला ते मला बेळगावला घेऊन गेले.

दुकानदारानं तीन दाखवल्या. आप्पा एकेकीतून रस्त्यापलीकडची पाटी बघायचे आणि खाली ठेवायचे. "भिंग धुरकट हाय. दुसरी दाव."

शेवटची माझ्या हातात दिली. "तू बघ गं."

"लई स्वच्छ दिसतंय की आप्पा. अक्षर न् अक्षर."

त्यांनी तीही खाली ठेवली आणि काही न घेताच आम्ही परतलो. आठवड्याभरात त्यांनी कार्बाईन ठाण्यात जमा केली. "आप्पा डुकराला भ्याले," असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत सुटले. तेही हसायचे. पुढं ते भिंतीला धरून चालायला लागले, ते आम्ही वयावर ढकललं.

उद्या डॉक्टरांना जाऊन 'होय, बहुतेक वडिलांना होता, कुणी तपासलंच नाही' म्हणून सांगणार आहे. आप्पा आता नाहीत. तुमच्या घरात कुणी असं काही अचानक सोडून दिलं असेल, तर हसण्याआधी एकदा विचाराल का?