वाठोरे साहेबांनी फोम उभा धरायला लावला

खाणीतून सुट्टीवर आलं की कोळसा दोन आंघोळींत निघतो, किस्से मात्र साठत जातात. नव्वदच्या दशकात आम्ही हिंगोली जिल्ह्यातले काही जण विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत होतो. मी पुसेगावचा. आमच्यातला हट्टा गावचा गंगाराम खाली हवा खेळवणाऱ्या पंख्याचा ऑपरेटर. काय तो आवाज! गंगारामचे कान जायला लागले होते. सुट्टीत तो बायकोच्या कानात हळूच काही बोलला, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "व्हय बाबा, ने की तिला जत्रेला!"

*

आवाज दाबायला पंख्याच्या खोलीत फोम लावायचं ठरलं. वर ऑफिसात सेल्समनने फोमचा तुकडा आडवा ठेवून काडी लावली. ज्योत विझली. आम्ही टाळ्या वाजवल्या!

आमचे सेफ्टी ऑफिसर वाठोरे साहेब, साखऱ्याचे. म्हणाले, "आता उभा धरा."

उभा धरला, तर जाळ सरसर वर चढला आणि खोलीभर काळा धूर! सेल्समनसकट सगळे बाहेर पळालो. खोकत खोकत साहेब म्हणाले, "इथं दार तरी हाय."

फोम साहेबांनी तिथंच नाकारला.

*

गंगाराम मात्र रुसला. "माहे कान चालले, अन् हे काड्या लावून राहिले!" त्याने साहेबांशी बोलणंच टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेब पूर्ण पाळी त्याच्या शेजारी, पंख्यापाशी बसले. वर आले तेव्हा त्यांना काही ऐकू येईना. मॅनेजर बोलत होते, साहेब मान हलवत होते. त्या भरात दोन कमिट्यांवर नाव लागलं!

*

शेवटी रॉकवूल आलं, म्हणजे दगड वितळवून केलेली लोकर. आमच्यातला नामदेव म्हणाला, "साहेब, दगडाची मेंढी कोण्या बाजारात भेटते?"

लोकर जळत नाही, पण तिच्यावर बसलेली कोळशाची धूळ जळते. साहेब रोज बोट फिरवून बघायचे. घरी ज्यांनी कधी फडकं धरलं नाही, ते आम्ही खाली धूळ पुसत होतो!

*

मग एकदा पंख्याचं बेअरिंग तापलं आणि ग्रीसने पेट घेतला. आम्ही सगळे आत कोळसा काढत होतो, आणि बाहेरची वाट पंख्याच्या खोलीवरूनच. जाळ भिंतीच्या लोकरीला भिडला. भिंत काळी पडली, पेटली नाही. गंगारामने पंखा बंद करून आग विझवली आणि आम्ही आपल्या पायांनी चालत बाहेर आलो.

साहेब धावत खाली आले. गंगारामच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "गंगारामभाऊ, लागलं तर न्हाई ना?"

फोम नाकारल्यापासून गंगाराम त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलला.

"वरडता काहून, साहेब? ऐकू येऊन राहिलं!"