शेवया वाळवायची रायफल

"जरा मोठ्यानं वाचा बाई, हबशी मुलूख लांब हाय."

आमच्या शेजारचे हवालदार मला हे रोज संध्याकाळी ऐकवत. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर आफ्रिकेत जाऊन आले होते. आता सोलापुरात गिरणीच्या फाटकावर पहारा करत. इटलीने अबिसीनियावर, म्हणजे त्यांच्या हबशी मुलखावर, चाल केली आणि त्यांची झोप उडाली. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. माझा आवाज माझ्या ताटापलीकडे कधी गेला नव्हता. पाहुणे आले की दाराआड जाणारी मुलगी तुम्हीही पाहिली असेल.

हवालदारांच्या तळमळीला कारण होतं. त्यांच्या घरात परवान्याची एक रायफल होती. नळीवर मुकुट घातलेला सिंह, म्हणजे हबशी राजाचा शिक्का. तसली दुसरी आसपास कुणाकडे नव्हती आणि तिच्यात बसणारं काडतूसही कुठे मिळत नव्हतं. एका हबशी खेचरवाल्याने ती त्यांच्या घोंगडीच्या बदल्यात दिली होती.

"तो म्हनला, गरज लागली की परत मागीन."

"कोणत्या भाषेत म्हणाला?"

"थंडीत समदं कळतं, बाई."

खंडेनवमीला त्या रायफलीची पूजा होई आणि उन्हाळ्यात मावशी, म्हणजे हवालदारीणबाई, तिच्यावर शेवया वाळवत.

त्या खंडेनवमीला हवालदारांनी झेंडू वाहिला आणि जाहीर केलं, "ही पूजा शेवटची. बंदूक धन्याकडं धाडायची."

"धाडा की. आन् माज्या शेवया काय तुमच्या मिशीवर वाळवू?"

"तितं राज्य चाललंय, आन् तुला शेवया!"

"राजा काय उपाशी लढतो व्हय?"

बंदूक धाडायला कचेरीची परवानगी हवी. तिथे साहेब गोरा, म्हणून दुभाषी मी आणि माझ्या सोबतीला मावशी. रायफल नव्या घोंगडीत गुंडाळली होती. घोंगडीही राजालाच जायची होती. कुंकू अजून नळीवर होतं.

साहेबाने विचारलं, "ही उडते का?"

"न्हाय. पर धाक बसतो की," हवालदार म्हणाले.

साहेब खळखळून हसला. म्हणाला, इथून परदेशात हत्यार धाडता येत नाही. जुनं लोखंड आहे, घरी न्या.

हवालदार ताठ उभे राहिले. "त्यास्नी इचारा बाई, इटलीच्या तोफा तितं गेल्या, त्या कुनाच्या परवानगीनं?"

मी फरशीकडे बघत इंग्रजीत विचारलं. साहेबाने कानाला हात लावला.

"जरा मोठ्यानं, बाई," मागून आवाज आला.

मी पुन्हा विचारलं. या वेळी बाहेरचे पट्टेवालेसुद्धा आत डोकावले. साहेबाचं हसू मावळलं. परवाना रद्द झाला आणि रायफल कचेरीत जमा झाली.

बाहेर आल्यावर हवालदारांकडे बघायचा मला धीर होईना. रिकामी घोंगडी खांद्यावर टाकून ते म्हणाले, "आता तितं ऐकू गेलं आसंल."

उन्हाळ्यात अबिसीनियाची राजधानी पडली. ती बातमी मी अगदी हळू वाचली. हवालदारांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "राजा जिता हाय न्हवं? मग मागील की."

हवालदार आता नाहीत. खंडेनवमीला मावशी पाटावर ती घोंगडी घडी करून ठेवतात, झेंडू वाहतात आणि शेवयांच्या खिरीचा नैवेद्य दाखवतात. शेवया आता बांबूवर वाळतात. पण मावशींच्या मते त्यांना पहिला ताठा नाही.