चौथ्या नंबरासाठी भांडणारी अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला छापखान्यात उभी होते. पत्रकांचा गठ्ठा नुकताच हातात आला होता, कागद अजून गरम होता. फोन हिरालालनानांचा. नाना आमच्या गल्लीतले, कपाशीवाले, आणि आमची फुटबॉल टीम पुढे जाणार नाही असं म्हणणाऱ्या पार्टीचे कायमचे पुढारी. एरवी फोनवर ओरडून बोलणारा माणूस, त्या दिवशी ऐकूच येईना. "पोरी, अक्का गयी... सकाये तिनी सून रंजना चहा लिसन गयी, ते..." पुढे बोलणं तुटलं. मला वाटलं फोन कट झाला. मग एकदम म्हणाले, "काल आपन जितनूत, हाई तिले समजेल व्हतं ना?" मी म्हटलं, नाना, गावात सगळ्यात आधी तिलाच समजलं. "मंग ठीक शे," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून गावात एक वाक्य फिरतं आहे. फुटबॉलने म्हातारीचा जीव घेतला. कशाला या वयात एवढं ओरडायचं, कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं... हे वाक्य मी सांत्वनाला आलेल्यांच्या तोंडून ऐकलं, किराणा दुकानात ऐकलं, एका शिकल्यासवरल्या गृहस्थाने तर मला मुद्दाम थांबवून ऐकवलं. म्हणून हे लिहिते आहे. हे साफ खोटं आहे. अक्काचं हृदय कित्येक वर्षं आजारी होतं, डॉक्टरांनी ते तिच्यासमोरच सांगितलं होतं, आणि त्या आजारी हृदयाला चालतं ठेवणारी एकच गोष्ट होती: आमची, कायम हरणारी, गावच्या नदीच्या नावाची बुराई इलेव्हन चौथी येते की नाही.

वत्सलाअक्का आमच्या शिंदखेड्यातली निवृत्त नर्सबाई. तालुक्यातली खेडी पायी आणि एसटीने पालथी घालून तिने पोरांना लसी टोचल्या. तिचं घर मैदानाला लागून. ओट्यावर बसलं की समोर गोलपोस्ट, मध्ये काही नाही. नवरा गेल्यावर, मुलगा नोकरीसाठी पुण्याला राहायला लागल्यावर, ती आणि सून रंजना अशा दोघीच त्या घरात. टीम सरावाला आली की अक्काची संध्याकाळ सुरू व्हायची. टीममध्ये एकही पोरगा असा नव्हता की ज्याला तिने सुई टोचली नव्हती, आणि कोण कसा रडला हे तिच्या पक्कं लक्षात. तिचा सिद्धांतच होता, सुई टोचताना जो रडला नाही त्यालाच पेनल्टी द्यायची. "जो सुईले भ्याई, तो गोलकीपरलेबी भ्याईच!" कोच हात जोडायचा. अक्का ऐकायची नाही.

मग गेल्या वर्षी पाणीयोजनेचे पाइप आले. ठेवायला अख्खा तालुका मोकळा पडला होता, पण साहेब लोकांना आमचं मैदानच दिसलं. चार दिवसांत उचलतो म्हणाले. त्या पाइपांच्या सावलीला कुत्री व्याली, पेनल्टीच्या चौकात बाभळी उगवल्या, तरी चार दिवस संपेनात. आम्ही निवेदनं दिली, धरणं धरलं, मी पत्रकांवर पत्रकं काढली. उत्तर एकच: वरून आदेश नाही. परिणाम असा की आमच्या टीमचे घरचे सामनेसुद्धा धुळ्याला नाहीतर जळगावला. पोरं सकाळी नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाची पाळी करायची, दुपारी तिथूनच मिळेल त्या गाडीने मैदान गाठायची आणि अर्धमेली होऊन खेळायची. हरणार नाही तर काय? आणि त्याच वर्षी अक्का मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. प्रवास बंद. ओट्यावर खुर्ची, आणि खुर्चीसमोर सिमेंटच्या पाइपांचा डोंगर.

पण लीगची एक जुनी पद्धत आहे. साखळी संपली की वरच्या चार टीम पुढे जातात आणि पहिल्या विरुद्ध चौथ्याची मॅच चौथ्याच्या गावात होते, म्हणजे लहान गावालाही मोठी टीम बघायला मिळते. हे कळलं त्या दिवशी अक्का खुर्चीत ताठ बसली. आम्ही चौथे आलो तर मॅच शिंदखेड्यात. मॅच शिंदखेड्यात तर पाइप हलवावेच लागणार, त्याशिवाय साऱ्या खान्देशासमोर तोंड कसं दाखवतील? आणि पाइप हलले की मॅच थेट तिच्या ओट्यासमोर. "माले आते कोठे जाता येत नही," म्हणाली, "मंग मॅचलेच आठे आनाले पडी." तेव्हा आम्ही तळाशी होतो. सरळ सांगायचं तर आमच्या खाली फक्त मैदान होतं.

त्यानंतरचे रविवार म्हणजे नुसता जल्लोष होता. अक्काच्या ओट्यावर सभा भरायची. फरशीवर खडूने टीमांची नावं, आणि नावापुढे जितके गुण तितक्या भुईमुगाच्या शेंगा. एका बाजूला अक्का आणि आम्ही पोरंपोरी, दुसऱ्या बाजूला नाना आणि त्यांचे दोन-चार निराश दोस्त.

"अक्का, तू कितल्या बी शेंगा मांड," नाना सुरू व्हायचे, "आपली टीम चौथी येत नही."

"का बरं?"

"आपला गोलकीपर उंच बॉल देखताच डोया मिटस!"

"मंग अमळनेरना काय उघडा ठेवस का?"

अमळनेरवाले आमच्या वरच्याच पायरीवर, चौथ्या जागेसाठी आमचे प्रतिस्पर्धी, त्यामुळे सगळं भांडण त्यांच्या ढिगावर यायचं. एकदा तावातावाने हिशेब चालला असताना तो ढीग लहानच दिसायला लागला. पुन्हा मोजला, आणखी लहान. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांचं तोंड हलत होतं.

"नाना! अमळनेरचे गुण खाल्ले तुम्ही!"

"शेंगा भाजेल व्हत्यात..." नाना पुटपुटले.

अक्का इतकी हसली की रंजना पाणी घेऊन धावत आली. "खाऊ द्या त्याले," अक्का म्हणाली, "मैदानवर नही ते आठे तरी त्यास्ना गुण कमी व्हतीन." रंजनाचं माहेर जळगाव शहरातलं, तिला ना अहिराणी बोलता यायची ना फुटबॉलमधलं काही कळायचं. ती टरफलं झाडत म्हणायची, "मला एवढंच कळतं की रोज ओटा मीच झाडते."

मॅच बाहेरगावी असली की मी मैदानावरून फोन लावायची. ओट्यावर अक्का तो स्पीकरवर टाकून स्टीलच्या पातेल्यात ठेवायची, म्हणजे आवाज गल्लीभर घुमतो. माझं वर्णन कसं असायचं, ते आजही सगळे नक्कल करून दाखवतात. मला समोर अन्याय दिसला की राहवत नाही. मी रेफ्रीवर सुरू व्हायची, त्याचा पक्षपात, त्याच्यामागची व्यवस्था, आयोजकांची बेपर्वाई... आणि पातेल्यातून अक्काचा आवाज यायचा, "रेफ्री मरी गया ते समजनं! गोल कोना झाया ते सांग!" माझ्या पत्रकांचीही तिने हीच गत केली होती. चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "जाहीर निषेध शे, तीव्र निषेध शे, धिक्कार शे. सभा कधी शे?" सभेची तारीख छापायचीच राहिली होती.

आणि मग आम्ही जिंकायला लागलो. का, ते विचारू नका, कोचलाही सांगता येत नाही. एक मॅच, मग दुसरी, आणि शेंगांचा आमचा ढीग अमळनेरला जाऊन भिडला. ओट्यावर बसायला जागा पुरेना. जळगावच्या मॅचला तर अक्का सकाळपासून जेवली नाही. शेवटच्या क्षणाला आम्हाला पेनल्टी मिळाली, बरोबरी चालू असताना. आमच्या दीपकने बॉल उचलला. हा दीपक लहानपणी अक्काची पिशवी दिसली की पत्र्यावर चढून बसायचा.

"अक्का, दीपक मारतोय!"

"दीपक? माय वं! त्याले नको! कोचले सांग, त्याले नको!"

मी कसली सांगते. शिट्टी झाली, दीपक धावला, आणि बॉल जाळीत. मी फोनमध्ये काय ओरडले मला आठवत नाही. पलीकडे पातेलं पडल्याचा आवाज, शिट्ट्या, कुणीतरी थाळी बडवत होतं. या गोंधळातून अक्काचा आवाज वर आला, "आते समजनं! मी सुई टोची, तो मन्हावरला राग काढी राहिना! मारू दे त्याले, बठ्ठ्या पेनल्ट्या त्याले दे!" अनेक वर्षांचा सिद्धांत तिने एका गोलसाठी हसत हसत मोडीत काढला. मग सगळे जरा शांत झाल्यावर म्हणाली, "आते धुयाले फक्त बरोबरी जोयजे ना?" मी म्हटलं, हो अक्का, धुळ्याची शेवटची मॅच, नुसती बरोबरी. "मंग पाइप उचलाले सांग त्यास्ले. पत्रक काढ. आन या बारीले तारीख लिख."

तीच पत्रकं घ्यायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या छापखान्यात गेले होते... झोपेतच गेली अक्का. रंजना सांगते, चेहरा भांडण जिंकल्यासारखा होता. आता कुणी मला सांगा, कशाने जीव घेतला आणि कशाने जीव धरून ठेवला होता.

पुण्यानुमोदनाचा दिवस नेमका धुळ्याच्या मॅचचा आला. सकाळी भंतेजी आले, त्रिशरण पंचशील झालं, दोन-चार जण बोलले. जेवणाची पानं पडली तरी मांडवात कुणी आवाज करत नव्हतं. नानांच्या हाताला कुठूनतरी माझं पत्रक लागलं. 'पाइप हलवा, मॅच येते आहे!' त्यांनी ते वाचलं आणि हळूच म्हणाले, "हाई आधीच छापी टाकं? आजून बरोबरी कोठे व्हयनी?" कुणीतरी तितक्याच हळू आवाजात म्हणालं, होईल की. दुसरा म्हणाला, धुळं घरच्या मैदानावर आहे, सोपं नाही. तिसऱ्याने अमळनेर काढलं. आवाज चढत गेले, कढीचे हात हवेत नाचायला लागले, आणि बघता बघता दुखवट्याच्या मांडवात गोलफरकावरून कडाक्याचं भांडण पेटलं. तेवढ्यात रंजना आतून दारात आली. पाहुण्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं आता ही सगळ्यांना ताटावरून उठवणार, आणि उठवलं असतं तरी तिचं चुकलं नसतं.

ती म्हणाली, "पण आपण हरलो आणि अमळनेरही हरलं, तर?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग एकदम सगळेच बोलायला लागले, आणि त्या सगळ्यांवर नानांचा आवाज चढला, "मंग बी आपनच! कशे बी व्हवो, चौथं आपनच येतंस!" नाना हे म्हणाले आणि थबकले. आयुष्यभर 'येत नाही' म्हणणारा माणूस. समोरून उलटून बोलायला कुणी नव्हतं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि उपरण्यात तोंड झाकून रडले.

दुपारी आम्ही सगळे धुळ्याला गेलो आणि एक-एक अशी बरोबरी घेऊन आलो. शेवटचा फटका आमच्या गोलकीपरने डोळे मिटूनच अडवला, पण अडवला. मी फोन लावला तर रंजनाने उचलला आणि मला तोंड उघडू न देता म्हणाली, "रेफ्रीचं नंतर. आधी गोल सांगा." आम्ही चौथे आलो. वर्षभर न सापडलेला वरचा आदेश दोन दिवसांत सापडला, क्रेन आली, पाइप गेले. आमच्या निवेदनांनी जे झालं नाही ते पोरांच्या पायांनी झालं, हे मी, पत्रकं काढणारी, लिहून देते. पाइपांखालचं गवत पिवळं पडलं होतं, मैदानावर आडवे पट्टे दिसत होते. त्या पट्ट्यांवरच भुसावळच्या पहिल्या नंबरवाल्यांशी मॅच झाली. सगळा तालुका लोटला. शिरपूरहून माणसं आली, झाडांवर पोरं, घरांवर बाया.

हरलो. पण ते महत्त्वाचं नाही, म्हणजे आहे, पण ते वेगळ्या लेखात. सांगायचं ते हे, की दुसऱ्या हाफमध्ये दीपकचा एक फटका आडव्या दांड्यावरून उडाला तो थेट अक्काच्या अंगणात. आणि सगळं मैदान थांबलं. भुसावळवाल्यांना कळेना काय झालं. इतक्या वर्षांत अंगणात गेलेला बॉल आणायला आमच्यापैकी कुणी कधी गेलं नव्हतं. अक्का तो उचलायची, काखेत धरायची, मारणाऱ्याला चार शब्द सुनवायची आणि मगच फेकायची. तिचं बोलून होईपर्यंत खेळ बंद. ती सवय अशी की पोरं अजूनही जागच्या जागी उभी होती, माना ओट्याकडे. रेफ्री घड्याळ बघत होता. कोणीच हलेना...

रंजना बाहेर आली. बॉल उचलला, पदराने पुसला, काखेत धरला. ओट्याच्या कडेला येऊन तिने दीपककडे पाहिलं आणि पहिल्यांदाच, मोडक्यातोडक्या अहिराणीत, पूर्ण आवाजात ओरडली, "अरे भो! वर कोठे मारी राहिना? खाले मार, खाले!"

आणि बॉल फेकला.