न धरलेला गुरुवार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला नाही, मुलीला नाही, आणि देवाला तर मुळीच नाही — त्याच्याच नावावर तर सगळं खपवलं ना! आता घरात मी आणि टीव्ही. टीव्हीला सांगून काय उपयोग? म्हणून तुम्हाला सांगते. फक्त मध्ये बोलू नका. बोललात तर मी विषय बदलीन, ते मला फार चांगलं जमतं.

मी शाळेत शिकवायचे. मिरजगावच्या पुढे, हायवेपासून जरा आत. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली, असं लोक म्हणायचे. बाईंचे उपास-तापास फार, असंही म्हणायचे. त्या उपवासांचंच सांगायचंय.

आमच्या स्टाफरूममध्ये एक रीत होती. मधल्या सुट्टीत टेबलावर पेपर पसरायचा, सगळ्या बायकांनी डबे उघडून मध्ये ठेवायचे आणि ज्याला जे आवडेल ते घ्यायचं. नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिचा डबा आधी उघडायचा. पहिला घास सगळ्यात जुन्या बाईनं घ्यायचा — म्हणजे मी. मी घेतला की बाकीच्यांचे हात पडायचे, आणि ती नवी बाई आपल्यातली व्हायची. कुणी ठरवलेलं नव्हतं, आपोआप पडत गेलेलं.

संगीता नेवाशाकडची. बदलून आमच्याकडे आली. तरुण, चटपटीत, हसली की डोळे बारीक व्हायचे. आडनावावरून काही कळेना. मग आम्ही आमचं नेहमीचं सुरू केलं — गाव कुठलं, माहेर कुठलं, पाहुणे कुठले? तुम्हालाही माहीत आहे ना हे? पाहुणे विचारत विचारत माणसाची जात काढायची, आणि वर आपणच मायाळू ठरायचं. तिनं सरळ सांगून टाकलं. आम्ही ‘असं व्हय’ म्हणालो, आणि टेबलावर पेपर पसरायला लागलो.

तेवढ्यात घंटा झाली. तिनं डबा उघडला. हुलग्याचे शेंगोळे! लसणाचा असा वास सुटला म्हणून सांगू — माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरंच सुटलं. तेच मला सोडत नाही. मला शिसारी आली असती ना, तर म्हणता तरी आलं असतं — लहानपणापासून अंगात मुरलेलं, मी तरी काय करणार? पण अंगाची काही तक्रार नव्हती. अंग पुढं झुकलं होतं. हात उचलला होता मी. मग बाकीच्या बायका त्या हाताकडे बघताना दिसल्या — आणि मी तो मागे घेतला. म्हणाले, “अगं बाई, आज माझा गुरुवार की गं!”

गुरुवार होता खरा. पण मी जन्मात कधी गुरुवार धरला नव्हता.

बाकीच्यांना आयती वाट मिळाली. एकीचं पोट बिघडलं, एकीला म्हणे हुलगे उष्ण पडतात. “खा की बाई, लई तिखट न्हाई केलं,” संगीता म्हणाली. मग तिनं डबा हळूच आपल्याकडे ओढून घेतला. पुढे आमच्याकडे उपवासांची साथच आली हो! सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या दिवशी कुणाच्या वह्या तपासायच्या राहिलेल्या असायच्या. मी आधी वर्गात कपाटाआड उभी राहून पोळीभाजी खायचे, आणि मग तिच्यासमोर येऊन राजगिऱ्याचा लाडू चघळत बसायचे. वाईट शब्द कुणी बोललं नाही तिला. ‘या की, बसा की’ रोज म्हणायचो. तिनं तक्रार करायची तरी कशाची?

पण तिच्या अंगाला कळत होतं. मी समोरच बसायचे, मला दिसायचं. आधी ती गप्पा मारत जेवायची. मग भरभर जेवायला लागली. मग घंटा व्हायच्या आधीच तिचे हात गार पडायला लागले. हजेरीपट देताना बोटाला बोट लागलं की मला कळायचं. मान ताठ झालेली, दारात पाऊल वाजलं की दचकायची. घास तोंडात घोळवत राहायची, वर पाणी प्यायची, तरी तो उतरायचा नाही. घरी नीट जेवायची म्हणे. शाळेतच उतरत नव्हतं. हळूहळू घरचंही कमी झालं, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला. एक दिवस शिकवता शिकवता फळ्यापाशीच खाली बसली.

हेडमास्तरांनी सोबत मला पाठवलं. मोठी बाई ना मी! कर्जतला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, नळी घालून गळा पाहिला. सगळं ठणठणीत. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तिला विचारलं, शाळेत कुणाचा त्रास आहे का? म्हणाला, आपण चार माणसांत नकोसे आहोत असं रोज वाटत राहिलं, की शरीर त्याला धोकाच समजतं. भूक मारतं, गळा आवळतं, छाती धडधडत ठेवतं. रिपोर्टमध्ये ते येत नाही.

संगीतानं माझ्याकडे पाहिलं.

आले बघा मी इथं. इथंच यायचं होतं — इतका वेळ त्या शेंगोळ्यांभोवती फिरत होते. तिची नजर तक्रारीची नव्हती. तुम्ही सांगता की मी सांगू, अशी होती. काय लागलं असतं मला? ‘हो, आम्ही हिच्याबरोबर जेवत नाही,’ एवढंच ना? मी हसले. म्हणाले, “छे हो डॉक्टर, आमच्यात कसला त्रास? घरच्यासारखं आहे सगळं. हिचाच स्वभाव जरा हळवा आहे.”

डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. संगीता खाली वाकून चप्पल शोधायला लागली. चप्पल तिच्या पायातच होती. परतताना एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो आणि ती सगळी वाट खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे बदली मागून ती गेली.

मला वाटायचं, आपल्यालाही कधीतरी याचं काही होईल. गळा धरेल, हात कापतील. काही नाही. हुलग्याचं पीठ आणते, एकटीपुरते शेंगोळे करते, टीव्हीसमोर बसून खाते. घास व्यवस्थित उतरतो. शेजारी कुणी नसतं, एवढंच.

गेल्या वर्षी शाळेनं माझा निरोप समारंभ केला. जुन्या सगळ्यांना बोलावलं होतं. संगीता आली! अंग भरलेलं, डोळे तसेच बारीक. भाषणात कुणीतरी म्हणालं, बाईंचा उपवास कधी चुकला नाही, आणि टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या. मग त्याच स्टाफरूममध्ये, त्याच टेबलावर जेवण. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. सगळ्यांदेखत तिच्या ताटातलं भजं उचललं आणि खाल्लं. लई उशिरा — मला काय कळत नाही? ती हसली, अगदी मनापासून. आणि तिनं पुरीचा घास घेतला.

तो तोंडात घोळत राहिला. तिनं पाणी घेतलं. पुन्हा घेतलं. मी तिचा हात धरला, तो गार पडला होता. हळूच म्हणाली, “न्हाई जात, बाई. राग न्हाई हो तुमच्यावर, खरंच न्हाई. ह्या खोलीत आलं की गळाच मिटतोय.”

समोरच्या नव्या बाईनं विचारलं, “मॅडम जेवत का नाहीत?” सगळ्या संगीताकडे बघायला लागल्या. संगीतानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, “तिचा आज उपवास आहे.”

बुधवार होता. बुधवारी कसला उपवास, असं कुणी विचारलं नाही.