दारांचे काका आणि ड्रमचा ठोका

आमचे धाकटे काका दारांना क्लोजर बसवतात. क्लोजर म्हणजे दाराच्या डोक्यावरचं ते लोखंडी कोपर, जे दार आपोआप ओढून घेतं. तीस वर्षं त्यांनी ऑफिसं आणि दवाखान्यांची दारं लावली. उघडण्याशी या माणसाचा संबंध नाही, असं काकू म्हणते.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना ड्रमचं वेड लागलं. वाजवायचं नव्हे, कम्प्युटरवर ते आवाज घडवायचं. एक ठोका घ्यायचा आणि कुठे कापू, कुठे फुगवू, यात अख्खा रविवार घालवायचा. एकदा काकूच्या हातून कढई पडली, तेव्हा काकांनी लागलं का हे विचारण्याआधी परत पाडतेस का असं विचारलं. काकूने पाडली नाही. त्या दिवशीची भाजी मात्र काकांनी मीठ न मागता खाल्ली.

दोन वर्षांत शे-दीडशे ठोके तयार झाले आणि एकही कुणाच्या गाण्यात गेला नाही. हे काका कधी बोलून दाखवत नसत. पण माझ्या धाकट्या बहिणीने स्वतःचं पहिलं गाणं ड्रमसाठी त्यांच्याकडे दिलं, तेव्हा त्यांनी हातातली तीन कामं पुढे ढकलली. तिची अट साधी होती: रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर गाणं स्टुडिओवाल्याकडे जाणार.

बुधवारी काकांनी एकेक ठोका सुटा ऐकवला. छातीत धडकावा असा एकेक. मग गाण्यासकट ऐकवलं. बहिणीने शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "काका, यात मी कुठे आहे?"

ग्रुप फोटोत प्रत्येक आत्याला मधली खुर्ची द्यावी, तसं झालं होतं. काकांनी ड्रमचा आवाज कमी केला. बहीण ऐकू आली, पण ड्रम असा वाजू लागला, जणू पलीकडच्या इमारतीत कुणी गादी झोडपतंय.

शुक्रवारी त्यांच्याबरोबर शिडी धरायला मी एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या खोलीचं दार आपटत होतं. काकांचं लक्ष गाण्यात. त्यांनी स्क्रू असा पिळला की दार रांगत आलं आणि फट ठेवून थांबलं. आतल्या पेशंटचं पोट कसं आहे, ते बाहेरच्या बाकावर सगळ्यांना कळायला लागलं.

क्लोजरला दोन स्क्रू असतात. एक दाराच्या येण्याचा, दुसरा चौकटीपाशी उरलेल्या शेवटच्या चार बोटं अंतराचा. काका पहिलाच आवळून बसले होते. त्यांनी पहिला सैल केला, दुसरा जरासा फिरवला, आणि दार टक् करून लागलं.

"मी सगळंच दार मऊ केलं रे," ते म्हणाले. "टक् व्हायलाच हवं, नाहीतर लागलं हे कळणार कसं? पण टक् झाल्यावर चौकट घुमत राहायला नको."

ते दाराबद्दल बोलत नाहीत, हे मला जरा उशिराच कळलं.

घरी येऊन त्यांनी गाणं चालू ठेवूनच एकेक ठोका हाती घेतला. आघात तसाच राखला, त्यामागची घुमणारी शेपटी कापली. दोन वर्षं लाडाने वाढवलेली शेपटी. कापताना काका दोनदा पाणी प्यायला उठले. आता सुटा ऐकला तर प्रत्येक ठोका केविलवाणा वाटत होता. काकू म्हणालीसुद्धा, की आधीचेच बरे होते. काकांनी पुढचा ठोका कापायला घेतला.

रविवारी बहिणीने हेडफोन लावून डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला तिच्या कपाळावर आठी आली. काका माउसची वायर बोटाला गुंडाळत बसले होते.

तिने हेडफोन काढला. "इथे माझा सूर उतरतोय. आधी कळतच नव्हतं."

"मग ड्रम तेवढ्यापुरता वाढवतो," काका घाईने म्हणाले. "झाकून जाईल."

"ड्रमला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मी परत गाते."

काकांनी मान हलवली आणि माइक तिच्या उंचीला आणू लागले. स्टँडचा स्क्रू फिरवायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.